पाठीवरचे ओझे : डोंगरावर जाताना काय न्यावे, काय घरी ठेवावे?

दिवाळी आटोपली, की आपल्या भागातील गडांच्या वाटा पुन्हा गजबजतात. पावसाळ्यातील शेवाळ सुकलेले असते, टाक्यांत पाणी असते, हवेत गारवा असतो. कॉलेजची मुले सॅक पाठीला लावून निघतात. नोकरदार मंडळी शनिवारी रात्रीची एस.टी. पकडतात. गेल्या काही वर्षांत सायकलस्वारांचीही त्यात भर पडली आहे. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी, तेथून महाबळेश्वर आणि पुढे आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरून कोकण गाठायचे, असा बेत आखणारे तरुण आता लहान गावांतूनही दिसतात.

या हौसेला डॉक्टर म्हणून माझा पूर्ण पाठिंबा आहे. रक्तदाब, मधुमेह, वाढते वजन आणि मनावरचा ताण या चारही गोष्टींवर डोंगर चढण्याइतका स्वस्त व्यायाम दुसरा नाही. मात्र सुट्टी संपून सोमवार उजाडला, की दवाखान्यात ठरावीक तक्रारी येऊ लागतात. कुणाचा गुडघा सुजलेला असतो, कुणाच्या हाताला मुंग्या येत असतात, कुणाची कंबर धरलेली असते, कुणाच्या टाचांना फोड आलेले असतात. एखादा उन्हाने चक्कर येऊन पडलेलाही असतो. चौकशी केली तर यातील बऱ्याच तक्रारींचे मूळ पाठीवरच्या सॅकमध्ये सापडते. म्हणून आज या सॅकचीच तपासणी करू.

ओझ्याने नेमके काय होते?

सपाट रस्त्यावर चालताना ओझे फारसे जाणवत नाही. चढावर दम लागतो, तेव्हा ते लक्षात येते. पण खरे नुकसान होते ते उतारावर. पायरी उतरताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट ते साडेतीन पट भार येतो. पाठीवरचे ओझेही या हिशोबात धरावे लागते. म्हणजे सॅकमध्ये पाच किलो अनावश्यक सामान असेल, तर उतरताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर सुमारे पंधरा किलो जादा भार पडतो. गड उतरताना अशी हजारो पावले टाकावी लागतात. घरी परतल्यावर दोन दिवस जिना उतरताना माणूस कठडा धरतो, त्याचे कारण हेच.

दुसरा परिणाम खांद्यावर होतो. अरुंद पट्ट्यांची जड पिशवी तासन् तास लटकवली, तर खांद्याजवळून हातात जाणाऱ्या नसा दबतात. हाताला बधिरपणा येतो, हात जड वाटतो, क्वचित हात वर उचलणेही अवघड होते. बहुतेकांना विश्रांतीने आराम पडतो, पण पूर्ववत होण्यास काही वेळा आठवडे लागतात.

तिसरा परिणाम तोलावर होतो. जड सॅक माणसाला मागे ओढते. निसरड्या घसाऱ्यावर किंवा कातळात खोदलेल्या अरुंद पायऱ्यांवर ती एका बाजूला झुकली, की पाय मुरगळतो किंवा माणूस पडतो. दिवसअखेर थकव्याने पावले अडखळू लागतात, तेव्हा हा धोका सर्वात जास्त असतो.

चौथा परिणाम मला सर्वात गंभीर वाटतो. ओझे जड झाले, की माणूस सर्वात आधी पाणी कमी करतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. ‘वाटेत मिळेल कुठेतरी’ म्हणून बाटली अर्धी रिकामी केली जाते, आणि दोन पातेली, स्टोव्ह, जाड पांघरूण मात्र सॅकमध्ये तसेच राहते. मध्यंतरी चार मित्रांचा एक गट उन्हातून परतल्यावर सलाइन लावण्यासाठी माझ्याकडे आला होता. त्यांच्याजवळ स्वयंपाकाची सगळी भांडी होती, ब्ल्यूटूथचा स्पीकर होता, पण माणशी पाणी होते एकच लिटर.

वजन कमी करण्याचा क्रम

हलके सामान म्हटले, की लोकांना महागडी खरेदी आठवते. वास्तविक सर्वात जास्त वजन पैसे न खर्चता कमी होते, कारण ते वस्तू घरी ठेवल्याने कमी होते. अमेरिकेत एमा गेटवूड नावाच्या बाई होऊन गेल्या. अकरा मुलांची आई असलेल्या या बाईंनी १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, जॉर्जियापासून मेनपर्यंतची सुमारे ३,३०० किलोमीटरची अपालाचियन डोंगरवाट एकटीने पायी पूर्ण केली. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्याला घरी शिवलेली कापडी पिशवी, एक ब्लँकेट, एक रेनकोट आणि पावसापासून आडोशाला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा, असे त्यांचे सामान होते. आपण त्यांची नक्कल करावी असे मी म्हणणार नाही. परंतु प्रत्येक वस्तू नेताना ‘हिच्यावाचून अडेल का?’ हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला होता, एवढे त्या यादीवरून नक्की कळते.

हलक्या सामानाची हौस असलेले भटके अन्न, पाणी आणि इंधन वगळून बाकी सॅकचे वजन मोजतात. बहुदिवसीय मोहिमेतही हे वजन साडेचार किलोच्या आत ठेवणारे लोक आहेत. आपल्याला इतके काटेकोर होण्याची गरज नाही. सर्वसाधारणपणे एका दिवसाच्या चढाईसाठी पाण्यासह सॅक आपल्या वजनाच्या एक-दशांशाच्या आसपास असावी, आणि मुक्कामी जाताना एक-पंचमांशाच्या वर जाऊ नये. साठ किलो वजनाच्या माणसाला हे अनुक्रमे सहा आणि बारा किलो होतात. पन्नाशी ओलांडलेल्यांनी, गुडघेदुखी असणाऱ्यांनी आणि वाढत्या वयाच्या मुलांनी याहून कमीच घ्यावे.

यासाठी एक सोपा उपाय आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी सगळे सामान चटईवर मांडा. ताणकाटा असल्यास एकेक वस्तू तोला, नसल्यास किराणा दुकानदाराच्या काट्यावर सॅक ठेवा. मग तीन ढीग करा. पहिल्या ढिगात जीव वाचवणाऱ्या वस्तू, दुसऱ्यात रोज लागणाऱ्या आणि तिसऱ्यात ‘असावे म्हणून’ घेतलेल्या. कात्री लावायची ती तिसऱ्या ढिगाला, नंतर दुसऱ्याला. पहिल्या ढिगाला हात लावायचा नाही.

गटाने जाताना सामान वाटून घ्यावे. चौघांत एक प्रथमोपचाराची पिशवी आणि एक पातेले पुरते. पाणी, विजेरी, पावसाचा कपडा आणि स्वतःची औषधे मात्र ज्याची त्याने जवळ ठेवावी. चुकामूक झाली तर दुसऱ्याच्या सॅकमधील विजेरीचा उपयोग नाही.

कुठे काटकसर करावी?

कपडे : जीनची पँट घरी ठेवा. ती जड असते, भिजली की आणखी जड होते आणि लवकर वाळत नाही. पॉलिएस्टरसारख्या पटकन वाळणाऱ्या कापडाची सैल पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट चांगला. अंगावर एक जोड आणि मुक्कामासाठी कोरडा एक जोड पुरे. मोजे मात्र दोन जोड हवेत, कारण ओल्या मोज्यांनीच फोड येतात.

पांघरूण : सोलापुरी चादर घरी उबदार असते, पण डोंगरावर ती नाहक ओझे होते. हलकी स्लीपिंग बॅग किंवा पातळ लोकरी शाल आणि खाली अंथरायला फोमची पातळ चटई घ्यावी. थंडी जमिनीतूनही लागते, म्हणून चटई टाळू नये.

अन्न : काकडी, द्राक्षे, डबाबंद पदार्थ यांत बरेचसे वजन पाण्याचे असते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे ५६५ कॅलरी मिळतात, गुळातून सुमारे ३८०, तर काकडीतून जेमतेम १५. गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर, सुके खोबरे, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या हे आपले जुने प्रवासी पदार्थ वजनाच्या मानाने उत्तम आहेत. गडाच्या पायथ्याच्या गावात पिठले-भाकरी मिळत असेल तर आधी सांगून ठेवावी. स्टोव्ह आणि भांड्यांचे वजन वाचते आणि त्या घराला चार पैसेही मिळतात.

बूट : पायातील वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवते. पायात एक किलो असणे हे पाठीवर पाच-सहा किलो असण्यासारखे आहे, असे चालण्यास लागणाऱ्या शक्तीच्या मोजमापावरून दिसते. म्हणून लोखंडी टोकाचे जडशीळ बूट नकोत. हलके, पण खडबडीत तळव्याचे, घोट्याला घट्ट बसणारे बूट घ्यावेत. नवे बूट घालून थेट गडावर जाऊ नये. आधी पंधरा दिवस गावात वापरावेत. निघण्यापूर्वी पायाची नखे कापावीत.

सॅक : रिकामी सॅकच अडीच किलोची असेल तर पुढचा हिशोब व्यर्थ आहे. रुंद, मऊ पट्टे आणि कमरेचा पट्टा असलेली, किलो-दीड किलोची सॅक मुक्कामालाही पुरते. कमरेचा पट्टा घट्ट बांधला, की बराच भार खांद्यांवरून नितंबाच्या हाडांवर जातो. जड वस्तू पाठीला लागून, खांद्याच्या फऱ्यांच्या पातळीवर भराव्यात. सॅक ढुंगणावर लोंबकळू देऊ नये. हातात पिशवी घेऊ नये, हात मोकळे हवेत. एक हलकी, मजबूत काठी मात्र जरूर घ्यावी. उतरताना ती गुडघ्याचा भार वाटून घेते.

कुठे काटकसर करू नये?

पाणी : चढताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम जातो, उन्हात त्याहूनही जास्त. दिवसभराच्या चढाईला माणशी किमान तीन लिटर पाणी हवे. वाटेत खात्रीचे पाणी असेल तर थोडे कमी नेऊन तेथे भरता येईल. पण फेब्रुवारीनंतर अनेक टाकी आणि झरे आटतात, तेव्हा पायथ्याच्या गावकऱ्यांना आधी विचारावे. वजन वाचवायचे असेल तर जड स्टीलच्या बाटलीऐवजी प्लास्टिकची हलकी बाटली घ्यावी, आणि ती परत आणावी. टाक्यातील पाणी फडक्याने गाळून त्यात क्लोरीनची गोळी टाकावी आणि अर्धा तास थांबून मग प्यावे. या गोळ्यांची पट्टी काही ग्रॅमचीच असते.

मीठ-साखर : घामातून मीठही जाते. नुसते पाणी भरमसाट पीत राहिल्यास रक्तातील सोडियम कमी होऊन मळमळ, डोकेदुखी आणि गोंधळलेपण येते. जलसंजीवनीची, म्हणजेच ओआरएसची, एक लिटरची पुडी जेमतेम वीस-एकवीस ग्रॅमची असते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी सलाइन अपुरे पडल्यामुळे मीठ, साखर आणि क्षार यांचे पाणी पाजून असंख्य रुग्ण वाचवले. सॅकमध्ये वजनाच्या मानाने इतके मोलाचे दुसरे औषध नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे.

ऊब आणि पावसाचा कपडा : दर हजार मीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. माथ्यावर वारा सुटला आणि अंग भिजलेले असले, की आपल्या सह्याद्रीतही शरीराचे तापमान धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. थरथर, अडखळते बोलणे, पाय लडखडणे ही लक्षणे दिसताच माणसाला आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत आणि शुद्धीत असल्यास गरम, गोड पेय द्यावे. दारू देऊ नये. हलका रेनकोट, लोकरी किंवा फ्लीसचा एक कपडा आणि कानटोपी एवढ्याने काम भागते. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून त्यात सामान ठेवावे. पाच-दहा रुपयांत सगळे कोरडे राहते.

विजेरी : कपाळावर बांधायची विजेरी शंभर ग्रॅमच्या आसपास असते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. मोबाईलचा उजेड हा पर्याय नाही. त्याने बॅटरी संपते आणि मदतीसाठी फोन करण्याची वेळ आली की हाती काही राहत नाही. जादा सेल घ्यावेत.

औषधे : चिकटपट्ट्या, निर्जंतुक कापूस व गॉज, जंतुनाशक मलम, क्रेप बँडेज, पॅरासिटामॉल, अॅलर्जीची गोळी, ओआरएसच्या दोन पुड्या. हे सगळे पाव किलोच्या आत बसते. अंगातील पाणी कमी झालेले असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, त्यामुळे मूत्रपिंडावर ताण येतो. मधुमेहींनी साखर किंवा ग्लुकोज खिशात ठेवावे आणि इन्सुलिन उन्हात तापणाऱ्या बाहेरच्या कप्प्यात ठेवू नये. दमेकऱ्यांनी पंप आणि हृदयरुग्णांनी जिभेखालची गोळी वरच्या खिशात ठेवावी, सॅकच्या तळाशी नव्हे.

सर्पदंशासाठी ब्लेड, दोरी वगैरे नेणारे लोक आहेत. ते वजन खुशाल कमी करा. दंशावर काप देणे, रक्त चोखणे आणि आवळून बांधणे या तिन्ही गोष्टी घातक आहेत. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला शक्य तितक्या लवकर सरकारी रुग्णालयात न्यावे.

सायकलस्वारांसाठी

सायकलवरून लांब जाणाऱ्यांनी पहिला नियम पाळावा : ओझे सायकलने वाहावे, पाठीने नाही. पाठीवर सॅक घेऊन तासन् तास वाकून बसल्याने मान आणि कंबर आखडते, पाठीचा घाम वाळत नाही, आणि तळहात व बैठकीवरचा दाब वाढतो. हँडलवर सतत रेलल्याने तळहातातील नस दबून करंगळी आणि अनामिका बधिर होतात. मऊ हातमोजे वापरावेत आणि हातांची पकड वारंवार बदलावी. बैठकीच्या जागी किंवा जननेंद्रियाला बधिरपणा आला तर लगेच उतरावे. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभे राहून बैठकीला विसावा द्यावा.

हल्ली सायकलच्या सांगाड्यातील त्रिकोणात, हँडलखाली आणि सीटमागे घट्ट बांधायच्या पिशव्या मिळतात. जड वस्तू, म्हणजे हत्यारे आणि पाणी, सांगाड्याच्या त्रिकोणात खाली ठेवावे. हँडलला हलके कपडे बांधावेत, तेथे वजन झाल्यास सायकल वळताना हिसका देते. मागे उंच मोट बांधू नये. घाट चढताना प्रत्येक किलो पायांना जाणवतो आणि उतरताना तोच किलो ब्रेकवर येतो. हेल्मेट, पंक्चरचे सामान, पंप, जादा ट्यूब आणि मागचा लाल दिवा मात्र वजनाच्या नावाखाली सोडू नये.

हिमालयात जाणाऱ्यांना

सह्याद्रीचा हिशोब हिमालयात चालत नाही. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. ओझे जितके जास्त, तितकी धाप आणि थकवा जास्त. पण तेथे उबदार कपडे आणि चांगली स्लीपिंग बॅग कमी करणे म्हणजे जिवाशी खेळ. हलके सामान आहे म्हणून भराभर वर चढणे हीसुद्धा घोडचूक ठरते. उंची हळूहळू वाढवावी, डोकेदुखी व उलट्या सुरू झाल्यास वर जाऊ नये आणि त्रास वाढल्यास खाली उतरावे. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

धोक्याची खूण ओळखा

उन्हात चालताना सोबत्याचे बोलणे असंबद्ध झाले, तो चिडचिड करू लागला किंवा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी त्याची सॅक उतरवा, त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध नसल्यास तोंडात पाणी ओतू नका. रेंज मिळताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. लक्षात घ्या, त्याला थंड करण्यासाठी तुमच्याजवळ पाणी शिल्लक असावे लागते. म्हणूनच वर पाण्याबद्दल इतके लिहिले.

पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा छातीत दुखण्याचा इतिहास असणाऱ्यांनी पहिल्या मोठ्या चढाईपूर्वी तपासणी करून घ्यावी. त्यानंतर आठवडाभर रोज सॅकमध्ये चार किलो वजन घालून गावाजवळच्या टेकडीवर जावे. कुठला पट्टा काचतो, कुठला बूट चावतो, गुडघा काय म्हणतो, हे तेथेच कळेल. घरी परतल्यावर सॅक पुन्हा उलटी करा आणि जी वस्तू वापरलीच नाही तिच्यावर खूण करा. औषधे, विजेरी आणि रेनकोट सोडून बाकी खुणेच्या वस्तू पुढच्या वेळी घरी राहू द्या, आणि त्या जागी एक लिटर पाणी जास्त घ्या.